गोळी सुटायच्या आधी

४ नोव्हेंबर २००७, रविवार

आज यांनी घरात पाय ठेवायच्या आधीच सांगितलं की मला पिक्चरमध्ये मरायचं काम मिळालं.

मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "कोनं देल्लं?" तर अमरावतीचा एक मुलगा आहे, उजैर नावाचा. राजापेठेत त्याचं दुकान आहे, लग्नाच्या शूटिंगा करतो. आज तो अमरावती-दर्यापूर गाडीत ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसला आणि पूर्ण रस्ता आरशात यांचं तोंड पाहत आला. उतरताना म्हणाला, "काका, चेहरा एकदम बदमाशाचा हाये तुमचा." दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर यांनी त्याला तिथंच समजावलं असतं. हे मात्र खूश.

पिक्चर बोगस बियाण्यांच्या टोळीवर आहे. यांचं काम टोळीच्या ट्रक ड्रायव्हरचं. दोनदा मार खायचा आणि शेवटी इन्स्पेक्टरची गोळी लागून मरायचं. बोलायला एकच वाक्य.

"एवढी वर्षं यष्टी चालवून राह्यलो, कोनी तोंडाकडे पाह्यलं नाई," हे म्हणाले. "लोक फक्त घड्याळाकडे पायतात."

मी हसले. पण मग आरशापुढं उभं राहून यांनी मान एका बाजूला टाकली आणि जीभ बाहेर काढली, तेव्हा मला राग आला. आम्ही शकुन-अपशकुन मानणारी माणसं नाही. तरी दिवेलागणीला असं करू नये म्हणून सांगितलंच.

११ नोव्हेंबर, रविवार

उजैर आज घरी आला. बारीक अंगाचा, बोलायला गोड. त्याचे अब्बा उस्मानभाई सुतारकाम करतात, त्यांनी शिसवीच्या तुकड्यातून पिस्तूल करून दिलं आहे. ते फडक्यात गुंडाळून आणलं होतं. मी हातात घेतलं तर वजनाला हलकं, पण दिसायला इतकं खरं की मी ते लगेच खाली ठेवलं.

मारामारी कशी करतात ते त्यानं अंगणात दाखवलं. मारणाऱ्याचं काम सोपं. मूठ हनुवटीपासून वीतभर लांबून जाते, कॅमेरा खांद्याच्या मागून असतो म्हणून ते दिसत नाही. खरं काम मार खाणाऱ्याचं. त्यानं बरोबर वेळेवर मान फेकली तर मार लागला. नाही फेकली तर कितीही जोरात मारा, लोक हसतात.

शेजारचे पंजाबराव फौजेतून रिटायर झालेले. कुंपणापाशी उभे राहून पाहत होते. यांनी गोळी खाऊन मागं उडी मारली तेव्हा ते म्हणाले, "देवमन, गोयी लागल्यावर मानूस असा उडत नाई."

"मंग?"

"बसते. कोनं मागून हाक मारली अन् चालता चालता थांबला, तसा. मंग खाली बसते. आवाज बी करत नाई."

उजैर म्हणाला, "काका, तसं दाखोलं त पब्लिक म्हनन, मेलाच नाई हा."

पंजाबराव घरात निघून गेले. त्यांना राग आला असावा असं मला वाटलं, पण संध्याकाळी त्यांनी मुळे पाठवून दिले.

इन्स्पेक्टरचं काम करणारा फरदीन रोज अमरावतीहून येऊ शकत नाही. म्हणून उजैर जाताना मला म्हणाला, "काकू, रोज संध्याकाळी काकाले तुमीच मारत जा."

१६ नोव्हेंबर

आता हे रोजचंच झालं. मी अंगणवाडीतून येते, चहा होतो, आणि मग मी नवऱ्याला मारते. कुंपणाच्या पलीकडून शेजारची माणिकबाई पाहते आणि पदर तोंडात धरते.

पहिल्या दिवशी माझा हातच उठेना. लग्नापासून आम्ही एकमेकांवर हात उगारला नाही. भांडलो, अबोला धरला, एकदा मी लेकीला, रश्मीला घेऊन माहेरी निघूनही गेले होते, पण हात नाही. हे म्हणाले, "अवं, कनिक तिंबते तशी मार ना, कायले भेते." मग मारलं. यांनी अशी मान फेकली आणि असे कोलमडत गेले की मला वाटलं खरंच लागली. धावत गेले तर एक डोळा उघडून पाहतात, मी पाहते की नाही.

नंतर गोळीनं मरणं. मी लाकडी पिस्तूल धरायचं आणि तोंडानं "ठो" म्हणायचं. हे छातीला हात लावून आधी एक गुडघा टेकतात, मग आडवे होतात, मग एक डोळा उघडतात. दर वेळी. कितीदा सांगितलं की मेलेला माणूस बायकोकडे पाहत नाही. म्हणतात, "पायते, तुले काय मालूम."

इतकं हसू आलं की पोट दुखलं. या वर्षी अंगणवाडीत खिचडीच्या वेळेला लहान्यांची मोठी भावंडंही शाळा सोडून येऊन बसतात. मी त्यांनाही वाढते, आणि घरी येईपर्यंत ती तोंडं डोळ्यांपुढून हलत नाहीत. ही अर्धी घटका बरी जाते.

२३ नोव्हेंबर

काल यांची सुट्टी होती. पिक्चरसाठी कपडे पाहायला म्हणून अकोल्याला एकटेच गेले. मी येते म्हटलं तर नको म्हणाले. उशिरा आले. कपडे नाही आणले, मापाचे मिळाले नाहीत म्हणे. डाळिंबं आणली होती.

जेवायला बसलो. मग एकदम म्हणाले, "शालू, तू स्कूटी शिकून घे."

रश्मी डी.एड.साठी अमरावतीला राहते तेव्हापासून तिची स्कूटी अंगणात झाकून ठेवली आहे. मी म्हटलं, मला काय करायची, अंगणवाडी तर त्या गल्लीत आहे. तर म्हणाले, "बाईमानसानं कोनाच्या भरवशावर राहू नये."

पिक्चरवाल्यांच्या संगतीनं विचार सुधारले म्हणायचे.

५ डिसेंबर

स्कूटी चालवता येऊ लागली. अजून डावीकडे वळताना भीती वाटते. हे मागं बसतात आणि कानाशी सांगत राहतात, "ब्रेक हयू. हयू. घाई नाई." इतक्या प्रेमानं तर लग्नानंतरही बोलले नव्हते.

यंदा रस्ते सुधारलेले दिसतात. यांच्या खाकीवर पूर्वीसारखी धूळ नसते. एकदा खळबळून पिळलं की पाणी साफ. पूर्वी दोन बादल्या मातकट पाणी निघायचं. बाहीला ऑइलचे डाग मात्र जास्त.

माणिकबाई सांगत होती की दोनदा अमरावतीच्या गाडीनं गेली, ड्रायव्हर दुसराच होता. यांना विचारलं. म्हणाले, ड्यूटी बदलली, आता अंजनगावकडची गाडी असते.

१० डिसेंबर

आज सराव अर्ध्यात सोडला. एकदा पडले आणि ओट्याला टेकून बसूनच राहिले. कपाळावर घाम, या थंडीत. मी पाणी दिलं. डावा हात चोळत होते.

"काय झालं?"

"गिअरचा हात हाये तो. बुढा झाला आता."

मी तेल गरम करून चोळून दिला. म्हटलं, पडताना त्याच हातावर भार देता, म्हणून दुखतो. उद्यापासून खाली दोन गाद्या घालू. हे माझ्याकडे पाहत राहिले आणि माझ्या केसांवरून हात फिरवला, अंगणात, उजेडी. कुंपणापलीकडे कोणी नव्हतं म्हणून बरं.

पडणं मात्र आता फार छान जमतं. पूर्वी लटकं वाटायचं.

१७ डिसेंबर

काल राजापेठेत पहिलं शूटिंग झालं. मीही गेले. ट्यूशन क्लासच्या मागच्या गल्लीत भाजीची गाडी उभी केली होती, फरदीननं यांना तिच्यावर ढकललं, टमाटे सांडले. लोक जमले. एका म्हाताऱ्या बाईला खरं भांडण वाटलं, ती मध्ये पडून फरदीनला म्हणाली, "वर्दी घातली म्हून बुढ्या मानसाले मारतं काय रे?" उजैर म्हणाला हे तर ठेवायलाच पाहिजे.

रश्मी आली होती पण लांब उभी राहिली. मैत्रिणींनी पाहिलं तर काय, असं तिचं चाललं होतं. मग तिच्या बाबांना फरदीननं तिसऱ्यांदा पाडलं तेव्हा तीच पुढं आली आणि त्यांच्या पाठीवरची माती झाडू लागली. म्हणाली, "आई, बाबा असे काहून दिसून राह्यले? चेहरा उतरला त्यायचा." मी म्हटलं, मेकअप आहे.

दुपारी दुकानात बसून आवाज भरले. मला माहीत नव्हतं, मारायचा आवाज वेगळा भरतात. खऱ्या बुक्कीला आवाजच नसतो म्हणे, म्हणून लोकांना ती खरी वाटत नाही. उजैर ओल्या पोत्यावर काठी मारत होता. मी म्हटलं, मोगरी आण आणि भिजलेली चादर आण. दगडावर चादर ठेवून मी मोगरीचा एक तडाखा दिला तेव्हा त्यानं कानावरचं यंत्र काढून माझ्याकडे पाहिलं. "काकू, अजून एक. जरा रागानं."

मी धोबीघाट केला. हे स्टुलावर बसून पाहत होते, प्रत्येक तडाख्याला मान फेकत होते.

७ जानेवारी २००८

बरेच दिवस लिहिलं नाही. तुरीच्या शेंगा, अंगणवाडीची पोषण आहाराची तपासणी, रश्मीची परीक्षा. सराव बंदच आहे. हे म्हणतात आता जमलं, रोज कायले. मला मात्र संध्याकाळ मोकळी मोकळी वाटते.

मरायचं शूटिंग वीस तारखेला, रविवारी, इथंच दर्यापुरात. गावाबाहेरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये. दोन हंगाम झाले, ती बंद पडली आहे. ज्या गेटवर बैलबंड्यांची रांग रस्त्यापर्यंत यायची तिथं आता बोराटी वाढली आहे. मालकानं फुकट वापरू दिली.

२३ जानेवारी

अमरावतीच्या दवाखान्यात, बाकावर बसून लिहिते आहे. रश्मीनं वही आणून दिली. म्हणाली, आई, तू काही बोलत नाहीस, लिही तरी.

रविवारी सकाळपासून जिनिंगमध्ये तयारी होती. गाद्या टाकून त्यावर जुना कापूस पसरला. यांच्या शर्टाच्या आत पिशवी बांधली, गुलाबाचं सरबत आणि खायचा लाल रंग घालून केलेलं रक्त तिच्यात. पिशवी फुटली तरी एक वेळ नीट दिसणार नाही, म्हणून उजैरनं आणखी रक्त छातीवर ओतलं. माशा आल्या. यांनी एक बोट चाटून पाहिलं आणि मला म्हणाले, "गोड हाये."

फरदीन इन्स्पेक्टरच्या वर्दीत. लाकडी पिस्तूल त्याच्या हातात, आणि मी कॅमेऱ्याच्या मागं टिकल्यांची बंदूक घेऊन. मी टिकली वाजवायची, त्या आवाजावर यांनी पडायचं. हे काम मी मागून घेतलं होतं.

यांनी आपलं वाक्य म्हटलं. "साहेब, मी फक्त गाडी चालोतो." चांगलं म्हटलं. फरदीननं पिस्तूल उचललं. मी बोट घोड्यावर ठेवलं, उजैरच्या हाताकडे पाहत होते, त्यानं हात खाली केला की वाजवायची.

हात अजून वरच होता. हे चालता चालता थांबले. कोणी मागून हाक मारावी तसे. मग खाली बसले आणि कुशीवर झाले.

"कट," उजैर म्हणाला. "काका, गोयी सुटलीच नाई अजून. अन् असं नाई पडाचं, हे खरं नाई वाटत. जरा जोर लावा. पुन्ना घेऊ."

सगळे आपापल्या जागी जायला लागले. फरदीन पिस्तूल पुसत होता. मी उभी राहिले, यांचा डोळा उघडायची वाट पाहत. गुडघा टेकला नव्हता. छातीला हात लावला नव्हता. आणि डोळा उघडला नाही. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी कशी पोचले ते आठवत नाही. अंग गार, घामानं चिंब, ओठ राखेसारखे. श्वास होता. उजैर मागून म्हणत होता, काकू फ्रेममधून बाजूला व्हा. मी म्हटलं, "गाडी आन." मी ओरडले नाही म्हणतात. पण त्यानं कॅमेरा तसाच सोडला आणि धावला.

शूटिंगच्या सुमोत मागं आडवं टाकलं. गावातल्या दवाखान्यात डॉक्टर होते, नशीब. पण त्यांनी काय पाहिलं, रक्तानं भरलेला माणूस, पोलिसाच्या कपड्यातला एक मुलगा, आणि मागं घाबरलेली चार माणसं. त्यांचं काही चुकलं नाही. ते जखम शोधू लागले. "गोळी कुठं लागली? कोणी मारली? आधी ठाण्यात कळवा." नर्स कात्री शोधत होती. फरदीन काही सांगायला गेला तर त्याच्या तोंडून शब्दच निघेना.

मी शर्ट दोन्ही हातांनी फाडला. पिशवी काढून फेकली. माझ्या पदरानं छाती पुसली, खाली कातडी साफ.

"रक्त खोटं हाये, डॉक्टरसाहेब. गुलाबाचं सरबत हाये, वास घेऊन पाहा. मानूस खरा हाये."

त्यांनी मग वाकून वास घेतला, आणि पुढं सगळं भराभर झालं. छातीला तारा लावून यंत्रातून कागदाची पट्टी काढली, एक गोळी जिभेखाली, एक इंजेक्शन, ऑक्सिजन. म्हणाले, हार्ट अटॅक आहे, इथं थांबू नका, अमरावतीला न्या.

तो रस्ता यांचा. कुठं खड्डा आहे, कुठं गाय बसते, यांना पाठ. मी त्यांचं डोकं मांडीवर धरून बसले होते आणि पहिल्यांदा वाटलं की हा रस्ता इतका लांब आहे. सुमोवाला चांगला चालवत होता. तरी मला वाटे, हे चालवत असते तर पोचलो असतो.

राजापेठेत गाडी अडकली. बाजाराची गर्दी, ऑटो, स्कूटर, पुढं लग्नाची वरात. फरदीन खाली उतरला आणि वर्दीतच रस्त्यात उभा राहून हात करू लागला. लोक ऐकू लागले. चौकातला खरा शिपाई हे पाहत आला. त्यानं फरदीनच्या पायांकडे पाहिलं. पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. मग सुमोच्या काचेतून माझ्याकडे आणि यांच्याकडे पाहिलं. दुसऱ्या बाजूला जाऊन त्यानं उरलेली गर्दी थांबवली, आम्ही निघालो.

वेळेत आणलं, असं इथले डॉक्टर म्हणाले. नळीतून काहीतरी घातलं आहे, रक्त चालू झालं. काल डोळे उघडले. पहिले शब्द, "शॉट झाला?"

मी पडद्याबाहेर जाऊन रडले.

२५ जानेवारी

डॉक्टरांनी मला विचारलं, आधीपासून कोणत्या गोळ्या चालू होत्या? मी म्हटलं, कोणत्याच नाही. त्यांनी यांच्याकडे पाहिलं. यांनी भिंतीकडे.

डॉक्टर गेल्यावर मी खुर्ची ओढून जवळ बसले. थोड्या वेळानं हे आपणच बोलायला लागले.

"अकोल्याले कपडे पाहाले नव्हतो गेलो."

"हं."

"छाती दुखे, म्हून दाखवाले गेलो. डॉक्टरनं सांगतलं का नळी घाला लागते. म्या म्हटलं, पाहू."

मला पहिली आठवण झाली ती बसमधल्या माणसांची. बोलले मी. "अन् तसेच गाडी चालोत राह्यले? मागं लेकराबायाइनं भरलेली गाडी अन् तुमी..."

"नाई." हे एकदम म्हणाले, यंत्रावरची रेघ हलली. "दुसऱ्याच दिवशी साहेबाले सांगतलं. गाडी सोडली म्या, शालू. त्या दिवसापासून स्टिअरिंगले हात नाई लावला. डेपोतच असतो. टायरीची हवा पाह्यनं, ऑइल भरनं. मेडिकल होईपर्यंत तसंच ठेवलं साहेबानं."

मग रोज सकाळी खाकी घालून, डबा घेऊन, मला "येतो, गाडीचा टाइम झाला" सांगून हे डेपोत ऑइल भरायला जात होते. डेपोतल्या सगळ्यांना माहीत होतं. फक्त मला नव्हतं. धूळ आठवली. मी रस्ते सुधारले म्हणून लिहिलं आहे.

"मले काहून नाई सांगतलं?"

यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. मग म्हणाले, "तू हसत होती. म्या पडलो का तू अशी हसे, लग्न झालं तेव्हा हसे तशी. सांगतलं असतं त कशी हसली असती?"

मला इतका राग आला की उठून खिडकीपाशी गेले. खाली रश्मी डाळिंबं घेऊन येत होती. मी यांच्याकडे पाठ करून म्हटलं, "तुमी तकडं मरून राह्यले होते अन् म्या हसत होती. हे चांगलं वाटलं तुमाले?"

"हो," म्हणाले.

२ फेब्रुवारी

घरी आणलं. बिनतेलाची भाजी, मीठ कमी. मी बोलत नाही. औषध देते, पाणी देते, पाय चेपून देते, पण बोलत नाही. अंगणवाडीतून औषधं घेऊन येते तर हे ओट्यावर बसलेले असतात, स्कूटीचा आवाज ऐकून मान वर करतात. आमची दोघांची ती वेळ आता कशी घालवायची ते दोघांनाही समजत नाही.

आज पंजाबराव येऊन बसले. हे म्हणाले, "तुमी सांगतलं तसंच पडलो, भाऊ." पंजाबराव यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिले. नंतर जाताना अंगणात मला म्हणाले, "वहिनी, म्या दोघाइले तसं पडताना पाह्यलं. दोघंबी उठले नाई." आणि गेले.

मी आत जाऊन यांना विचारलं, मुगाचं वरण खाल का. अबोला तिथं संपला.

१० फेब्रुवारी

उजैर त्याच्या अम्मीला, खातूनबीला घेऊन आला. दारातच खातूनबी म्हणाली, "बाई, मेरा लडका तीन हफ्तेसे खाना नहीं खा रहा बराबर." आणि तो खरंच वाळला होता. यांच्या पायाशी बसला.

"काका, म्या म्हटलं खरं नाई वाटत."

"मले बी नव्हतं वाटत, बाप्पा," हे म्हणाले.

तो पिक्चर बंद करतो म्हणत होता. हे ऐकेनात. म्हणाले, माझं मरायचं राहिलं आहे, बसल्या जागी मरतो, पण पुरं कर. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि सांगितलं की या घरातलं कोणी मरणार नाही, खोटंही नाही. ट्रक ड्रायव्हर पकडला जाईल आणि खुर्चीवर बसून साक्ष देईल. तसं लिही. उजैरनं मान हलवली.

मग त्यानं विचारलं, त्या दिवशी कॅमेरा चालूच राहिला होता. त्याचं काय करू?

मी म्हटलं, मला एकदा दाखव. हे नको म्हणत होते. लहानशा पडद्यावर पाहिलं. हे थांबतात, बसतात, कुशीवर होतात. इतकं साधं. कोणी ओळखलं नाही यात नवल नाही. मग बराच वेळ कोणीच काही करत नाही, आणि एका बाजूनं हिरव्या लुगड्यातली एक जाडी बाई पळत येते, हातात टिकल्यांची बंदूक तशीच. मला कळलं नव्हतं की मी ती बंदूक टाकलीच नाही.

"पुसून टाक," मी म्हटलं. त्यानं माझ्यासमोर पुसलं. खातूनबीनं माझा हात धरला आणि आम्ही दोघी चहा ठेवायला गेलो.

२१ एप्रिल

काल समाजमंदिरात पडदा लावून पिक्चर दाखवला. सगळी वस्ती, अर्धा डेपो, अमरावतीहून उजैरचं घर. फरदीननं पहिली बुक्की मारली आणि असा आवाज झाला की पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. कोणाला माहीत नाही ती कोणाची मोगरी. यांनी अंधारात मान फेकली, मी पाहिलं.

खुर्चीवरच्या साक्षीला मात्र कोणी शिट्टी मारली नाही. हे पडद्यावर सांगत होते, पोत्यात काय आहे ते मला माहीत होतं, साहेब, पेरलेलं उगवणार नाही हे माहीत होतं, तरी गाडी चालवली. माझ्या पुढं बसलेल्या पार्बताबाईनं पदरानं डोळे पुसले. तिच्या घरी गेल्या वर्षी काय झालं ते सगळ्या वस्तीला माहीत आहे. उजैरनं ते शब्द लिहिले नव्हते. यांनी आपल्या मनानं म्हटले आणि त्यानं ठेवले.

रश्मी म्हणते बाबांचं मरणं ठेवलं असतं तर जास्त चाललं असतं. मी तिला काकडी कापायला बसवलं.

५ मे

मेडिकलचा निकाल आला. गाडी कायमची बंद. डेपोत चौकशीच्या खिडकीवर बसवलं आहे, भोंग्यातून गाड्यांची नावं सांगायची. यांनी खाकीची एक जोडी धुऊन, इस्त्री करून पेटीत ठेवली.

आज तपासणीला अकोल्याला गेलो, बसनं. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर मी खिडकीकडे, हे बाजूला. प्रवासी म्हणून यांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मान ताठ, नजर समोरच्या काचेवर. पूर्णेच्या पुलाआधी वळणावर समोरून ट्रक आला आणि यांचा उजवा पाय फळीवर जोरात दाबला गेला. तोंडावर घाम. मी त्या मांडीवर हात ठेवला.

"गाडी त्यायची हाये," मी म्हटलं.

"हो."

पाय सैल व्हायला पुलाचं दुसरं टोक आलं. मग वारा लागला, ऊन तिरपं झालं, आणि हे माझ्या खांद्यावर मान टाकून झोपले. यष्टीत झोपलेले. मी हलले नाही. अकोल्याचा स्टँड आला, लोक उतरले, तरी मी उठवलं नाही. कंडक्टर ओळखीचा होता. त्यानं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "राहू द्या वहिनी, गाडी थांबते अर्धा तास."

रिकाम्या गाडीत मी यांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटनाकडे पाहत बसले. वर होत होतं, खाली होत होतं.